विश्लेषण : फिट आली म्हणजे मिरगीच का? निदान होईपर्यंत ओळखीच्या माणसाने काय करायचे?

वसई पूर्वेच्या सातिवली, वालीव, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यात एखादा कामगार काम करता करता कोसळला आणि त्याचे हातपाय झटके देऊ लागले, की दोन गोष्टी हमखास घडतात. कोणीतरी नाकाला लावायला चप्पल शोधतो आणि कोणीतरी खिशातून मोबाइल काढतो. चप्पल निरुपयोगी आहे. मोबाइल मात्र त्या माणसाला लवकर निदान मिळवून देऊ शकतो किंवा त्याची नोकरी घालवू शकतो. तो मोबाइल ज्याच्या हातात असतो तो बहुधा नातेवाईक नसतो. शेजारच्या मशीनवरचा, शेजारच्या खोलीतला किंवा रोज एकाच शेअर रिक्षाने येणारा ओळखीचा माणूस असतो. सातिवलीतल्या गाळ्यांत काम करणाऱ्या अनेकांचे घरचे लोक उत्तर प्रदेश, बिहार, कोकण किंवा मराठवाड्यात असतात. पहिले काही दिवस हा ओळखीचा माणूसच त्यांचे कुटुंब असतो. म्हणून त्याने काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न किरकोळ नाही.

एक फिट म्हणजे मिरगी का नाही?

फिट हे लक्षण आहे. मिरगी, म्हणजे अपस्मार, हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील १० टक्क्यांपर्यंत लोकांना आयुष्यात एकदा तरी फिट येते. सक्रिय अपस्मार असलेल्यांचे प्रमाण मात्र दर हजारी साधारण ४ ते १० इतकेच आहे. म्हणजे फिट आलेल्यांपैकी बहुतेकांना अपस्मार नसतो. तात्कालिक कारण नसताना, किमान २४ तासांच्या अंतराने दोन फिट आल्या, तर डॉक्टर साधारणपणे अपस्मार म्हणतात. २०१४ पासूनच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, एकच फिट आली पण तपासण्यांवरून ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच जास्त दिसली, तरीही अपस्मार म्हणता येते. कारण नसताना आलेल्या पहिल्या फिटनंतर पुढील दोन वर्षांत पुन्हा फिट येण्याची शक्यता २१ ते ४५ टक्के असल्याचे अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले होते. हा धोका दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही आणि माणसावर शिक्का मारण्याइतका मोठाही नाही.

मग फिट कशाने येते?

रक्तातील साखर किंवा सोडियम खूप कमी होणे, डोक्याला जुना मार, रोजची दारू अचानक बंद करणे, मेंदूचा संसर्ग, गाठ, पक्षाघात अशी अनेक कारणे असू शकतात. भारतात आणखी दोन कारणे वारंवार आढळतात. एक म्हणजे मेंदूतील क्षयाची गाठ आणि दुसरे म्हणजे पट्टकृमीच्या अळीने मेंदूत केलेली पुटी. या कृमीची अंडी अस्वच्छ हात, पाणी किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात, त्यामुळे कधीच मांस न खाणाऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. या दोन्हींवर उपचार आहेत.

शिवाय जे फिटसारखे दिसते ते प्रत्येक वेळी फिट नसते. पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात, उपाशीपोटी उभे राहून काम करणारा माणूस रक्तदाब घसरल्याने शुद्ध हरपून पडतो, तेव्हाही त्याचे हातपाय काही सेकंद झटके देऊ शकतात. हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडामुळेही असे होते. प्रचंड मानसिक ताणातून येणारे झटकेही असतात. ते नाटक नसते, पण त्यांचे उपचार वेगळे असतात. ‘अंगात आले’, ‘बाहेरचे लागले’ म्हणून बाबा-मांत्रिकाकडे नेण्यात मात्र फक्त वेळ जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

तपासण्या केल्या की लगेच कळते ना?

अनेकदा नाही, आणि ओळखीच्या माणसाचे महत्त्व इथेच सुरू होते. कारखान्यातला अनुभव आठवून पाहा. मशीन अधूनमधून ट्रिप होते, पण फिटर येतो तेव्हा ते सुरळीत चालत असते. मग फिटर मीटर लावण्याआधी ऑपरेटरला विचारतो, ‘बंद पडण्याआधी आवाज आला का? लोड किती होता? किती वेळाने सुरू झाले?’ मेंदूचेही तसेच आहे. ईईजी ही तपासणी डोक्यावर तारा लावून मेंदूतील विद्युत हालचाल साधारण अर्धा तास नोंदवते. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत असेल तर आलेख नॉर्मल येऊ शकतो आणि तरीही अपस्मार असू शकतो. उलट ईईजीत थोडा बदल दिसला म्हणजे अपस्मार आहेच, असेही नसते. एमआरआय मेंदूतील गाठ किंवा व्रण दाखवतो, पण अपस्मार असलेल्या अनेकांचा एमआरआय स्वच्छ असतो.

म्हणून मेंदूविकारतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतात तो रिपोर्टबद्दल नसतो. ‘पाहिले कोणी?’ हा तो प्रश्न असतो. रुग्णाला स्वतःला बहुधा काहीच आठवत नसते. पाहिलेला माणूस सोबत नसेल, तर डॉक्टरांच्या हातात अर्धीच माहिती असते.

त्या क्षणी आधी काय करायचे?

मशीनजवळ असेल तर पहिल्यांदा मेन स्विच बंद करा. आजूबाजूचे धारदार, गरम सामान दूर करा. डोक्याखाली दुमडलेला शर्ट ठेवा, गळ्याशी घट्ट काही असेल तर सैल करा. झटके थांबू लागताच त्याला एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात चमचा, बोट, कापड काहीही घालू नका, कारण दात तुटतात, बोट तुटते. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, लोखंडी किल्ली यांनी फिट थांबत नाही. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात आणि त्याच वेळी हातात किल्ली दिलेली असते, म्हणून किल्लीला श्रेय मिळते, इतकेच. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका.

घड्याळ बघा. फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, डोक्याला मार लागला, श्वासाला त्रास होतोय, रुग्ण मधुमेही आहे किंवा ती महिला गर्भवती आहे, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आयुष्यातली पहिलीच फिट असेल तर ती थांबल्यावरही त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वसई-विरार महापालिकेचे वसईत सर डी. एम. पेटिट आणि नालासोपाऱ्यात तुळिंज येथे रुग्णालय आहे.

पाहायचे काय आणि व्हिडीओ काढायचा का?

दुसरा कोणी रुग्णाला सांभाळत असेल, तर व्हिडीओ जरूर काढा. चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा, सलग, शुद्ध येईपर्यंतचा. सुरुवातीला डोळे उघडे होते की मिटलेले, मान कोणत्या बाजूला वळली, झटके एका हातापासून सुरू झाले की एकदम सगळ्या अंगात, चेहरा पांढरा पडला की निळसर झाला, जीभ चावली का, कपड्यात लघवी झाली का, आणि पुन्हा नीट बोलायला किती वेळ लागला, या सगळ्यांतून डॉक्टरांना अर्थ लागतो. उदाहरणार्थ, घाम फुटून, पांढरा पडून कोसळलेला माणूस मिनिटभरात नीट बोलू लागला, तर ती साधी मूर्च्छा असण्याची शक्यता वाढते. झटक्यांनंतर बराच वेळ गोंधळलेला, पेंगुळलेला राहिला, तर फिटची. आदल्या रात्री झोप झाली होती का, जेवण झाले होते का, कोणती गोळी घेतली होती, हेही त्याच दिवशी मोबाइलमध्ये लिहून ठेवा. आठवडाभराने आठवणीत भर पडत जाते आणि तपशील निसटत जातात.

तो व्हिडीओ पाठवायचा कोणाला?

फक्त रुग्णाला, आणि त्याच्या संमतीने डॉक्टरांना. कंपनीच्या ग्रुपवर नाही, चाळीच्या ग्रुपवर नाही, ‘काळजी घ्या मित्रांनो’ असे लिहूनही नाही. जमिनीवर पडलेल्या, लाळ गळणाऱ्या, कपडे ओले झालेल्या अवस्थेतले आपले चित्र शंभर लोकांच्या फोनमध्ये आहे, हे कळल्यावर तो माणूस कामावर परत येताना मान वर करू शकत नाही. निदान अजून झालेले नसते, पण ग्रुपवर ते होऊन गेलेले असते. पुढे डॉक्टरांनी ‘ही मिरगी नव्हती’ असे लिहून दिले, तरी तो कागद कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यामुळे रुग्णाला दिल्यावर आणि डॉक्टरांना दाखवल्यावर आपल्या फोनमधून तो व्हिडीओ काढून टाकणे हीही मदतच आहे.

मालकाला सांगायचे की लपवायचे?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. पॉवर प्रेस, ग्राइंडर, लेथ, फोर्कलिफ्ट किंवा उंचीवरचे काम करणाऱ्याला पुन्हा फिट आली तर त्याचा हात जाऊ शकतो, दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. मालकाची भीती खोटी नसते. पण त्या भीतीतून एका फिटवर हिशेब करून घरी पाठवायचे, हा उपाय कारखान्याला सुरक्षित करत नाही. त्यातून बाकीचे कामगार एकच धडा घेतात की, झाले तरी सांगायचे नाही. मग तोच माणूस पुढच्या गाळ्यात, काही न सांगता, त्याच प्रकारच्या प्रेसवर उभा राहतो. माहीत असलेली फिट सांभाळता येते, लपवलेली नाही.

म्हणून ओळखीच्या माणसाने गप्प बसणे बरोबर नाही आणि परस्पर जाऊन ‘त्याला मिरगी आहे’ सांगणे त्याहून बरोबर नाही. आधी त्या माणसाशीच बोलावे. ‘तू स्वतः सुपरवायझरला सांग, मी सोबत उभा राहतो. तोवर प्रेसवर जाऊ नको,’ इतके स्पष्ट. सांगायचे तेही आजाराचे नाव नव्हे, तर कामाची मर्यादा. ‘तपासण्या सुरू आहेत, डॉक्टरांचे पत्र येईपर्यंत मशीनऐवजी पॅकिंगला द्या.’ तरीही तो हट्टाने मशीनवर गेलाच, तर इतरांच्या जिवाचा प्रश्न असल्याने तेवढाच धोका वरिष्ठांच्या कानावर घालणे योग्य आहे, बाकी काही नाही. आणि मालकांनी हे समजून घ्यायला हवे की काही आठवडे त्याच पगारावर दुसरे काम देणे हे उपकार नाहीत. पुढच्या कामगाराने खरे सांगावे यासाठी मोजलेली ती किंमत आहे, आणि एका अपघाताच्या तुलनेत ती फारच कमी आहे.

दुचाकीचेही तसेच. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या शारीरिक क्षमतेच्या नमुना १ मध्ये अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, हा प्रश्न असतो. डॉक्टर परवानगी देईपर्यंत बाइक, पोहणे आणि एकट्याने उंचीवर चढणे बंद ठेवायचे. ‘चालवू नको’ म्हणणाऱ्याने ‘उद्यापासून माझ्या मागे बस’ हेही म्हणायला हवे.

रजा आणि पैशाचे काय?

निदानाच्या काळात माणूस आजारापेक्षा बुडणाऱ्या रोजाला जास्त घाबरतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि ईएसआयसीत नोंद असलेला कामगार विमाधारक असतो. त्यात कंत्राटी कामगारही येतात. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवस वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रोख भत्ता मिळू शकतो. त्यासाठी ईएसआयसीच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते, खासगी दवाखान्याची चिठ्ठी पुरत नाही. कांदिवलीत ईएसआयसीचे रुग्णालय आहे. पगाराच्या पावतीवर विमा क्रमांक आहे का, ई-पेहचान कार्ड काढले आहे का, हे शोधून देणे हे एखाद्या लिहितावाचता येणाऱ्या मित्राचे अर्ध्या तासाचे काम आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मोठा असला, तरी ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातली प्रत्येक तपासणी तिच्यातून होईल असे गृहीत धरू नये.

सोबत कोणी जायचे?

ज्याने पाहिले त्याने. सातिवलीहून रिक्षाने वसई रोड स्थानक, तिथून पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलजवळचे नायर किंवा परळचे केईएम रुग्णालय गाठायचे, सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, नंतर मेंदूविकार विभागाबाहेर थांबायचे आणि एमआरआयची पुढची तारीख घेऊन परतायचे, यात अख्खा दिवस जातो. ज्याला पुन्हा फिट येऊ शकते त्याने गर्दीच्या लोकलमध्ये, दारात उभे राहून एकट्याने हा प्रवास करणे धोक्याचे आहे. डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत घाबरलेला माणूस निम्मे विसरतो. सोबतच्याने प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. फिट पुन्हा येण्याचा धोका किती, औषध आत्ता सुरू करायचे की थांबायचे, मशीनवर कधी जाता येईल, पुढे कधी यायचे. ईईजीच्या दिवशी डोके धुऊन, तेल न लावता यायचे असते. काही वेळा आदल्या रात्री कमी झोपायला सांगतात. या बारीक गोष्टी चुकल्या तर पुन्हा तारीख घ्यावी लागते आणि आणखी एक रोज बुडतो.

बोलायचे काय?

‘काही नाही रे, टेन्शन घेऊ नको’ हे खोटे ठरू शकते. ‘माझ्या मावसभावाला असेच झाले होते, त्याला ट्यूमर निघाला’ हे क्रूर आहे. मध्यरात्री आजाराची नावे शोधून लिंक पाठवणे हेही त्यातलेच. डॉक्टरांना जे अजून माहीत नाही ते ओळखीच्या माणसाने भरून काढायचे नसते. ‘रिपोर्ट येईपर्यंत माहीत नाही, पण गुरुवारी मी येतोय’ हे वाक्य पुरेसे आहे. त्याने विषय काढला तर ऐकावे, नाही काढला तर क्रिकेटवर बोलावे. गावी घरच्यांना कळवायचे का, किती कळवायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे. झोप लागत नाही, जीव नकोसा झालाय असे तो बोलू लागला, तर ते हलक्यात घेऊ नये. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.

आणि निदान अपस्मार असेच आले तर?

तर तो शेवट नाही. योग्य निदान आणि औषधोपचार मिळाले तर अपस्माराच्या ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अट एकच, गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. अचानक औषध सोडल्यास जोरदार फिट येऊ शकते. पुण्यात स्वतः अपस्मारातून गेलेल्या यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा मदतगट उभा केला. अपस्मार असलेल्यांच्या लग्नासाठीही तिथे प्रयत्न होतात. त्याची गरज का पडली हे कायद्याच्या इतिहासात दिसते. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी ही लग्नाला आडकाठी मानली जात होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळला गेला. कायद्याच्या पुस्तकातून शब्द गेला, पण स्थळ बघायला आलेल्यांच्या प्रश्नांतून अजून गेलेला नाही.

नोकरीच्या बाबतीत तर कायद्याचा आधारही तोकडा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसचा उल्लेख आहे, अपस्माराचा नाही. म्हणजे सातिवलीच्या एखाद्या गाळ्यात फिट आलेल्या कामगाराचे काम टिकेल की नाही, हे आज तरी मुख्यतः त्याच्या आजूबाजूचे लोक कसे वागतात यावर अवलंबून आहे. कायदा बदलायला वेळ लागेल. मेन स्विच बंद करणे, घड्याळ बघणे, व्हिडीओ फक्त डॉक्टरांना दाखवणे आणि गुरुवारी सोबत जाणे, यासाठी कोणत्याही दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.